आखाजीपर्यंतचा मोगरा

भर दुपारी, जळगावातली कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत तेव्हा, आमचे शेजारी नाना अंगणात छत्री धरून बसतात. छत्री मोगऱ्यावर असते. नाना उन्हात.

"नाना, डोकं तापेल ना!"

"मना डोकाले का कळ्या येतीन?"

मला हा माणूस डोळ्यांसमोर नकोसा होतो. होळी झाली की माझ्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात, तुळससुद्धा मान टाकते. यांच्याकडे मात्र जास्वंद, कर्दळ, मोगरा, सगळं हिरवंगार. वर आमचे हे गॅलरीतून म्हणणार, "नानांच्या हाताला गुण आहे बुवा!" त्या दिवशी यांना चहा बिनसाखरेचा मिळतो.

शेवटी लाज गुंडाळून मी युक्ती विचारली.

"दुपारले पानी नको पाजू, माय. मुळ्या शिजी जातस."

मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या, तांदळाचं धुवण दिवेलागणीला घातलं. माझा मोगरा जगला, पण कळी धरेना. मग मी देवासाठी दोन फुलं मागितली.

"आखाजीलोंग एक बी नही. मनी आंडेर येनार शे."

आंडेर म्हणजे लेक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. नानांची सुनंदा धुळ्याला दिलेली. गेल्या आखाजीला तिची सासू आजारी होती, त्याआधी मुलांची परीक्षा. तरी नाना आधीच्या इवल्या कळ्या खुडून टाकत, म्हणजे बहर नेमका सणाला यावा. मला बोलावणारं माहेरी कोणी उरलेलं नाही, त्यामुळे त्या सुनंदाचाही मला रागच येई.

आखाजीला मोगरा असा फुलला की वास थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी जळफळत पुरण वाटलं. सगळ्यांची जेवणं उरकली तोच नाना दारात उभे, हातात ओल्या पंच्यात बांधलेल्या कळ्या.

"गजरा करी देशी का, माय? मले गुंफता येत नही."

"सुनंदाताई आल्या?"

"फोन उना. तिना घर पाव्हना शेतस."

त्यांच्याच ओट्यावर बसून मी गजरा ओवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"माळ ना. कोनाकरता ठेवू?"

मी माळला. आत दोन ताटं वाढलेली होती, आमरसाच्या वाट्या झाकलेल्या. बायको वारल्यापासून स्वयंपाक नानाच करतात.

"जेवी ले, माय. मंग जाजो."

मी घरून गळ्यापर्यंत पुरणपोळ्या खाऊन आले होते. तरी पाटावर बसले.