राणेकाकांची होडी

आमच्या लग्नात ऐन मुहूर्ताला शेजारचे राणेकाका स्टेजवर चढले, भटजींना म्हणाले, "एक मिनिट," आणि माझ्या पाटाखालची फळी पायानं दाबून पाहिली. फळी करकरली. मांडववाल्यानं दुसरी फळी आणेपर्यंत नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभे!

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या शिक्क्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे आणि ही सवय अंगात मुरलेली. भजीच्या गाडीवरचं बाकडंसुद्धा ते हलवून बघायचे आणि मगच बसायचे. जगात दोनच गोष्टी, 'पास' आणि 'रिजेक्ट'.

अशा माणसानं रिटायर होता होता उल्हासनगरच्या भंगारबाजारातून फायबरची छोटी होडी आणली, तेव्हा अख्खी बिल्डिंग बघायला खाली उतरली. काका मालवणच्या खाडीकाठचे, मासे गरवायचा नाद लहानपणापासूनचा. आता बारवी धरणावर जायचं, काकूंना समोर बसवायचं आणि मासे धरायचे, असा बेत होता. काकूंनी डब्यासाठी नवी पिशवीही शिवली.

"सिंधी दुकानदार बोलला, साई, समुंदर में डालो!" काका सांगायचे. "मी म्हटलं, टेस्टशिवाय मी बादलीतपण नाय टाकणार."

टेस्टसाठी त्यांनी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर काकूंना उभं केलं, तेही भर बाजारात, आणि तेवढ्याच वजनाची वाळूची गोणी भरली. काकूंनी अबोला धरला तो पुढच्या रविवारी टेम्पोत बसेपर्यंत.

धरणावर काकू झाडाखाली बसल्या, मी दोर धरला. काका मागे, गोणी पुढे. होडी झकास तरंगली.

"पास की हो!" मी ओरडलो.

"वारा येऊ दे."

ऊन चढलं तसा वारा सुटला. एवढं मोकळं पाणी, लाटा चांगल्याच उठल्या. होडीची कड पाण्यावर जेमतेम वीतभर. पहिली लाट गोणीवर, दुसरी काकांच्या मांडीवर. काका तांब्यानं पाणी उपसतायत आणि मी जीव खाऊन दोर ओढतोय!

"रिजेक्ट," काका निथळत म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "गोणी काढून बघा ना." त्यांनी काढली आणि त्याच वाऱ्यात एक फेरी मारली. होडी लाटांवर मजेत डुलत परत आली.

"बघा! काकू झाडाखाली बसतील, तुम्ही जा खुशाल."

काकांनी झाडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एकट्याला चालेल रे. पण सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. ही जेवण झाकून माझी वाट बघायची. आता पण तेच करायला लावू काय तिला?"

मी दोर गुंडाळायला लागलो.

होडी आता चामटोलीच्या एका छोट्या तळ्यात असते. तिथे वारा नाही आणि मासेही बोटभर. समोर बसलेल्या काकू सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या सांगत असतात, त्या आवाजानं होते तेही मासे पळतात. काका गळ बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "मग? पुढं काय झालं?"