कुलथ्यांचं फ्लोरिडा

भास्कर कुलथे या गृहस्थाला सकाळी सकाळी ‘काय म्हणताय?’ असं चुकूनही विचारू नये. ते फ्लोरिडा म्हणतात.

आम्ही दोघं इथे आखातात, जाब्रियात एकाच इमारतीत राहतो आणि एकाच रिफायनरीत नोकरी करतो, हे माझं दुर्दैव. रोज त्यांच्याच गाडीतून जातो, हे माझं पाप. गाडी रिंग रोडला लागली की हे अठराशे शहात्तर सालात शिरतात. त्या साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली, फ्लोरिडात कोण जिंकलं यावरून रण माजलं. पुढे ते मिटलं, असं साऱ्या जगाला वाटतं. कुलथ्यांना वाटत नाही.

“लोक म्हणतात, ज्याला जास्त मतं तो जिंकला. अहो, पण मोजलं कोणी? आणि काळ्या माणसांना बंदुका दाखवून घरी बसवलं, त्यांची मतं कोण मोजणार?”

गाव सिन्नर, काम पंपांच्या देखभालीचं, आणि उठाठेव फ्लोरिडाची! घेणं ना देणं, कंदील लावून येणं. परवा आमच्या मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता. उमेदवार एकच. सगळ्यांनी हात वर केले, तर हे उभे राहिले. “पण मोजलं कोणी?” पोहे गार होईपर्यंत आम्ही हात वर करून बसलो होतो.

हे खूळ वहिनी गेल्यानंतरचं. एकट्या माणसाला चाळा हवा, कबूल. पण मग समुद्रावर गळ टाकून बसा, भजनं म्हणा! मुलगी रेवा अमेरिकेत शिकते. काय शिकते विचारलं की हे पंपांवर बोलू लागतात. म्हणजे कॉम्प्युटर नक्की नाही, एवढं आम्ही ताडलं होतं.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी बायकोनं पुरणपोळ्या देऊन मला त्यांच्याकडे पिटाळलं. दार उघडंच होतं. कुलथे टॅबलेटसमोर बसून ओरडत होते, “जास्त मतं त्याला, म्हणजे जिंकला तो! बंदुकाबिंदुका सगळ्या भाकडकथा!”

“बाबा, आर यू सीरियस?” पडद्यावर रेवा कडाडली. “माय होल थीसिस इज ऑन धिस!”

मी तोंड उघडलं, “अहो, तुम्हीच तर गाडीत...” कुलथ्यांनी पाठीमागे हात नेऊन मला गप्प राहायची खूण केली.

पोरगी पाऊण तास इंग्रजीतून बापाला झोडपत होती. मध्येच म्हणाली, “आणि बाबा, तुम्ही जेवलात का?” एवढंच मराठीत. बाप खुशीत मान डोलावत होता. मला तर काही सुधरेना.

फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, “आईशी तासतासभर बोलायची हो. मला काय, ‘हाय बाबा, ऑल गुड, बाय.’ एकदा चुकून तिच्या विषयावर काहीतरी बरळलो, तर समजावायला थांबली. तेव्हापासून तिचं सगळं वाचतो. बरोबर काय ते कळल्याशिवाय चूक बोलता येत नाही. तुमच्यापाशी बरोबर बोलून घेतो.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुरणपोळीचा डबा हातात घेऊन ते जरा घुटमळले. “तुम्हाला एखादा मूर्ख मुद्दा सुचतो का हो, पुढच्या शुक्रवारसाठी? माझे संपत आलेत.”

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. म्हटलं, “मूर्ख मुद्दे मला हवे तेवढे सुचतात. तुम्ही आधी मला पहिल्यापासून नीट सांगा.”