नववी काच

भीमोजीमामांनी आयुष्यात कुणाचा एकच फोटो काढला नाही. म्हैसुरात आमच्या गल्लीत कॅमेरा फक्त त्यांच्याकडे. पण "माझा एक फोटो काढा" म्हणणाऱ्याला ते दारातूनच वाटेला लावत. "एका फोटोत काय मावतं? नाक! अख्खा माणूस मावायला सहा तरी लागतात."

एकदा एक जमीनदार जरीचा फेटा बांधून, तलवार लावून आले. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, एका फोटोला एक काच; मामांनी सहा काचा खर्ची घातल्या. फेटा चौकटीला अडकलेला, तलवार खुर्चीत रुतलेली, शिंक येऊ घातलेली, शिंक आलेली, फेटा जमिनीवर, आणि शेवटी स्वारी पोट धरून हसताना. जमीनदार भडकले. त्यांच्या बायकोनं मात्र शेवटचा फोटो गुपचूप पदराखाली घातला.

मी तेव्हा शाळामास्तर होतो. शेजारच्या अंबक्कांची पत्रं मीच लिहायचो. महायुद्ध सुरू होतं आणि त्यांचा एकुलता मुलगा संताजी पलटणीबरोबर समुद्रापार गेला होता. एका पत्रात त्यानं विचारलं, "आई, तुझा दिवस कसा जातो?"

"लिही, बरा जातो," अंबक्का म्हणाल्या.

मामा ओट्यावरून ऐकत होते. "बरा म्हणजे काय हो? मी दाखवतो त्याला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मामा कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन हजर!

"अय्यो भीमण्णा, मला दात नाहीत!"

"सुम्नीरी! गप्प बसा आणि कामं करा. दातांचं काय काम आहे?"

संध्याकाळपर्यंत आठ काचा झाल्या. अंबक्का सडा घालताना, नाचणीचा गोळा घोटताना, गाईशी भांडताना, मामांवर लाटणं उगारताना. फोटो तयार झाले तेव्हा मामांनी ते सतरंजीवर ओळीनं मांडले. मी थक्क झालो. रोज डोळ्यांसमोर असलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

अंबक्का एकेका फोटोपुढे वाकल्या. शेवटच्यात त्या एकट्याच पानावर बसल्या होत्या. बराच वेळ पाहून त्या हळूच म्हणाल्या, "या बाईशी दिवसभर कुणी बोलत नाही का रे?"

 मामांनी तो फोटो उचलून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि स्वतः अंबक्कांच्या स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसले. "वाढा! आणि बोला काहीतरी!" अंबक्का सार वाढताना त्यांना झापू लागल्या, तेवढ्यात मी भिंगावरचं झाकण उघडलं. फोटोत मामांचा एक कान कापला गेला. तरी संताजीला पाठवायच्या पाकिटात तो सगळ्यांत वर ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा पुन्हा त्यांच्याकडे निघालेले दिसले.

"आज काय काढायचंय?" मी विचारलं.

"काही नाही. तो फोटो तिकडे पोचेल, पोरगा तो खरा मानेल. खोटा ठरायला नको."

त्यानंतर दोन वर्षं मामा रोज दुपारी तिथं जेवले. स्वतःच्या घरी त्यांची चूल कितीदा पेटत होती, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

संताजी सुखरूप परतला. त्या दुपारी मामा सवयीनं बाहेर पडले, चार पावलं चालले आणि थबकले. मी ओट्यावरून पाहत होतो. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मागे वळले.

एवढ्यात अंबक्का दारात आल्या. "ऊटा आयता, भीमण्णा?"

"जेवण... झालंय की."

"खोटं कशाला बोलता? तीन पानं मांडलीत. संताजी खोळंबलाय."