डेंगूवाला पोट्टा पाहिजे

"दोन दिवसांत काम आटपून परत येते, मॅडम. गाव माझंच आहे, नाही कोण म्हणणार?" असं आपल्या गाईडला छातीठोक सांगून दुर्गेश्वरी नागपूरहून गोंदियाजवळच्या दवनीवाड्याला आली.

ती डेंगूवर पीएचडी करत होती. डेंगू एकदा होऊन गेला की शरीर त्या विषाणूला लक्षात ठेवतं. पण पुढं त्याचाच दुसरा भाऊबंद अंगात शिरला, तर तीच आठवण कधीकधी घात करते. असं का होतं, हे शोधायला तिला डेंगू होऊन गेलेल्यांचं रक्त हवं होतं. आणि गेल्या पावसाळ्यात दवनीवाड्यात घरोघरी सलाईन टांगलेलं होतं!

चूक एकच झाली. गावाला सांगायचं काम तिनं आईवर सोपवलं.

शकुंतलाबाईंनी हातपंपावर जाहीर केलं, "माही पोट्टी रक्त तपासून राहिली. कोनाच्या आंगात किती ताकद हाये, ते पाहाते."

शेजारच्या दुर्पताबाईंनी डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवला. "काऊन वो? लगनासाठी?"

शकुंतलाबाई नुसत्या हसल्या. ते हसू संध्याकाळपर्यंत थेट शेजारच्या तालुक्यात, गोरेगावला पोचलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायच्या जागी, समाजमंदिरासमोर मोटरसायकलींची ही गर्दी! भांग पाडलेले, सेंट मारलेले पोट्टे आणि त्यांच्या आया. विज्ञानाबद्दल गावाची एवढी आस्था बघून दुर्गेश्वरीला भरूनच आलं.

पहिला नंबर दुर्पताबाईंच्या रूपेशचा.

"डेंगू कधी झाला होता?"

"डेंगू? याले?" दुर्पताबाईच कडाडल्या. "शिंक नाई आली कधी! बैलावानी हाये माहा पोट्टा!"

"काकू, हा गोंदियाला ॲडमिट होता ना?"

"थो त पाहुना म्हनून गेलता!"

"दवाखान्यात?"

"मंग!"

पुढचेही सगळे तसेच. अख्खं गाव जन्मापासून ठणठणीत! रक्त काढायला आलेली सिस्टर जांभया देऊ लागली. शेवटी दुर्गेश्वरी खुर्चीवर चढून ओरडली, "मले निरोगी पोट्टा नाई पाहिजे! डेंगूवालाच पाहिजे!"

मग एकच गलका!

"माह्याले दोनदा झाला!"

"माह्याच्या प्लेटलेटा इतक्या पडल्या, का डॉक्टरनं हात टेकलन!"

कोहमाऱ्याहून आलेली एक बाई तर म्हणाली, "डेंगू, मलेरिया, कावीळ, सारंच झालं वो माह्या लेकराले! पसंत हाये ना?"

तेवढ्यात रूपेश दुर्गेश्वरीच्या कानाशी लागला. "दुर्गी, मले नापास कर ना वो. माहं आमगावच्या पोरीसंग जमलं हाये. मायले माहीत नाई."

दुर्गेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! तिनं आईकडं पाहिलं. शकुंतलाबाई कापसाचं पुडकं फार लक्ष देऊन न्याहाळत होत्या.

मग तिनं सगळ्यांना नीट समजावलं. लग्न नाही, बिग्न नाही. दुसऱ्यांदा डेंगू झाल्यावर काही माणसं का दगावतात, ते शोधायचंय. ऐकता ऐकता गाड्या सुरू झाल्या. पोट्टे पसार!

आया मात्र उठल्या नाहीत. थोड्या वेळानं दुर्पताबाईंनी पोलक्याची बाही वर सारली.

"डेंगू त मलेबी झालता. रूपेशच्याच संगं. कोनाले सांगतलंच नाई. त्याच्या उशाशी बसाले कोन होतं मंग? माहं रक्त चालते का?"

दुर्गेश्वरीनं स्वतःच त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली. मग "मलेबी झालता!" म्हणत एकेक करून साऱ्या आया सरसावल्या, आणि दुपारपर्यंत रक्ताच्या नळ्यांनी बर्फाची पेटी भरली.

संध्याकाळी शकुंतलाबाई किराणा दुकानातून तोंड पाडून आल्या.

"का झालं, माय?"

"गाव बोलून राहिलं, शकुंतलेची पोट्टी लय कडक! गावचे सारे पोट्टे नापास केलन, अन् त्याइच्या मायाच पास केलन!"