मालकांचं नाव

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंच सीमाताईंचा फोटो लागला. फोटोत मधोमध उपसरपंच हौशीराम आप्पा. सीमाताई कडेला, अर्ध्या.

दौंडच्या सायबर कॅफेत चपला बाहेर काढाव्या लागतात.

कुसळवाडीत नवऱ्याला मालक म्हणतात.

अभ्यासिका एक, जागा दोन.

२००७ साल.

गावची पोरं पुण्याला, कुरकुंभला, दोघं-तिघं दुबईलासुद्धा पांगली होती. पण ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या वेबसाइटवर रोज एका पारावर जमत. त्या पाराचं नाव ‘आपली कुसळवाडी’. आत कुणाला घ्यायचं हे आप्पांचा पुतण्या शंभू ठरवी. सीमाताईंचा दीर संघर्ष सारखी रिक्वेस्ट पाठवी आणि दर वेळी शंभूचं उत्तर येई : ओळख पटली नाही. दोघं दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. विहाराकडच्या वस्तीतल्या कुणाचीच ओळख शंभूला पटत नव्हती.

अभ्यासिका शाळेजवळ बांधायची की आप्पांच्या मळ्यात, याचं मतदान याच पारावर लागलं होतं. मळा ओढ्यापलीकडे, वस्तीतल्या पोरींना संध्याकाळी तिकडं कुणी धाडलं नसतं. सीमाताईंना ती शाळेजवळच हवी होती. पण ग्रामसभेत त्यांनी तोंड उघडलं की आप्पा म्हणत, “सरपंचबाई, दमलात तुम्ही. सही करा.” आणि वर भर सभेत जाहीर करून बसले होते, “शिकलेली पोरं म्हंतील तिथं! हौशीरामचा शबूद!”

मग आमदारसाहेबांचा फोन आला.

“आप्पा, तुमच्या त्या ऑर्कुटवर सगळे एकाच भावकीचे कसे? मी पेपरवाले घेऊन येतोय. महिला, मागासवर्गीय, काहीतरी दिसू द्या.”

आप्पांनी शंभूला हाक मारली. “सरपंचबाईंचं नाव वर टाक.”

“वर फकस्त मालकाचं येतं, आप्पा.”

“मग कर मालक. नाव त्यांचं, काम आपलं. पंचायतीत काय येगळं चाललंय?”

दौंडच्या कॅफेत चपला काढून सगळे आत गेले. शंभूनं सीमाताईंचं खातं उघडलं. पासवर्ड त्यांनीच टाकला. शंभूनं शिस्तीत मान फिरवली. बटण दाबलं आणि पाराची मालकी बदलली. फोटोवाला आला. आप्पांनी माऊसवर हात ठेवला आणि हसू लावलं.

पडद्यावर एक ओळ उगवली. सीमाताईंनी वाचली.

“आप्पा, बरीच मंडळी बाहेर थांबलीत म्हणतंय. घेऊ का आत?”

आप्पांचं लक्ष कॅमेऱ्याकडे. “घ्या की! सगळ्यांना घ्या! साहेब येनार हायेत, गर्दी दिसाय पायजे!”

सीमाताईंनी सगळ्यांना घेतलं.

दुसऱ्या दिवशी शंभू धापा टाकत आला. “आप्पा, शाळा फुडं गेली! आख्खी वस्ती आत हाय!”

“काढ भायेर!”

“माझ्या हातात न्हाई. मालक काढू शकतो.”

“मग सम्राटला बोलीव!”

“सम्राट कशाला?”

“त्यो मालक न्हवं का तिचा?”

“बाईंचा, आप्पा! ऑर्कुटचा न्हाई!”

दोघं सीमाताईंच्या दारात गेले. त्या भाकरी थापत होत्या.

“सरपंचबाई, तेवढा पासवर्ड सांगा.”

सीमाताईंनी पदर सावरला. “कसं सांगू, आप्पा? मालकांचं नाव हाय.”

आप्पांची पंचाईत झाली. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घेऊ नये, हे पारावर बसून त्यांनीच आयुष्यभर सांगितलेलं.

“उखान्यात घ्या!” शंभू म्हणाला.

“पिठाच्या हातानं?”

कॅफेत शंभूनं ‘सम्राट’ एका ए-नं लिहून पाहिला, दोन ए-नं लिहून पाहिला, मागं सासऱ्याचं नाव जोडलं, पुढं ‘श्री’ लावला. पडदा ऐकेना. शेवटी त्यानं कुरकुंभला कंपनीच्या गेटवर फोन लावला. सम्राट पाळी सोडून घाबरत आला.

“कोण आजारी हाय?”

“कुनी न्हाई. तुजं नाव कसं लिवतात?”

“ह्येच्यासाठी अर्धी पाळी बुडवली व्हय?”

तोवर मतदान मिटलं होतं. शाळा.

साहेब आले, नारळ फुटला. आप्पा माईकवर म्हणाले, “सगळ्यांना आत घ्या, असं मीच सांगितलं हुतं!” हे अगदी खरं असल्यानं कुणाला खोडता आलं नाही. साहेबांनी सर्वसमावेशक गाव म्हणून आप्पांना शाल दिली. मग माईक आप्पांच्या हातातून सीमाताईंनी घेतला, आणि त्या दमल्या आहेत असं कुणी म्हणालं नाही.

घरी सम्राटनं विचारलं, “आगं, आपल्यात कवापास्नं नाव घ्यायचं बंद झालं? भांडताना तर साऱ्या आळीला ऐकू जातं.”

“मालकांचं नाव म्हनले मी. तुमचं कुठं म्हनले?”

“मग काय टाकलं हुतंस?”

“सरपंचसीमा. मधी जागा न सोडता.”

सम्राट अर्ध्या पाळीचं दुःख विसरून मोठ्यानं हसला.

‘आपली कुसळवाडी’वर मतदान सुरू झालं, त्या दिवशीचं पहिलं मत शाळेला पडलं होतं. ते शंभूचं होतं.