मामंजींची आबोहवा

उन्हाळ्यात माणसं गार जागी जातात. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरादाराला घेऊन आणखी तापलेल्या जागी जायचे.

आमचं गाव सोनपेठजवळ, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाला. नांगरटी उरकल्या की गावातली माणसं गाड्या जुंपून गंगेच्या वाळूत मुक्कामाला उतरायची, डुंबायची, टरबुजं खायची. आमच्या दोन गाड्या मात्र गंगेकडं शेपूट करून निघायच्या.

तेव्हा राज्य निजामाचं. तहसीलदारसाहेब उन्हाळ्यात आबोहवा, म्हणजे हवापाणी, बदलायला जातात, हे मामंजींनी कचेरीत ऐकलं आणि तो शब्द त्यांच्या गालात सुपारीसारखा बसला. बैल अडला, आबोहवा. सासूबाई तणतणल्या, आबोहवा. आणि ती बदलायला जागा कुठली, तर दोन दिवसांच्या वाटेवर राणीसावरगावच्या शिवारातला एक बोडका लिंब. त्याची सावली एवढीशी की आम्ही ती पाळीपाळीनं वापरायचो.

राणीसावरगाव माझं माहेर. लग्नात माझ्या वडलांनी चुकून मामंजींना, प्रत्यक्ष नवरदेवाच्या बापाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. मामंजींनी तिथंच शपथ घेतली, ह्या दारात पुन्हा पाय ठेवणार न्हाई. वडीलही तेवढेच ताठ. त्यांनी मुराळीच धाडला नाही, आणि मुराळी न्यायला आल्याशिवाय सून माहेरी जात नसे. वर्ष झालं, मी मायचं तोंड पाहिलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात त्या लिंबाखाली उतरलो तशी मी फतकल मारून रडायला बसले. माहेरची घरं दिसत होती, जायची सोय नव्हती. मला वाटलं, म्हाताऱ्यानं मला जळवायलाच आणलंय. वय तेरा, पण अक्कल अजून पाळण्यात.

मामंजी म्हणाले, सूनबाई, विहिरीवरून पाणी आणा. मी पदराआडून म्हटलं, घागरी भरलेल्या आहेत. त्यांनी तिन्ही घागरी उचलून बैलांच्या पायांवर ओतल्या.

"बैलांचे पाय भाजायलेत. आणा."

मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धारत मी विहिरीवर गेले. तिथं माय उभी. शिवारात सोनपेठकडच्या गाड्या उतरल्याची खबर दुपारपर्यंत गावभर झाली होती. मायनं मला पोटाशी धरलं. वर्षानं भेटलेल्या आईला मी दीडशहाणी पहिलं काय बोलले असेन?

"माय, माझा सासरा येडा हाय."

मायनं लिंबाकडं पाहिलं. मामंजी सावली सोडून, आमच्याकडं पाठ करून, भर उन्हात बसले होते.

"असा येडा समद्या लेकींना मिळावा," ती म्हणाली.

आठ दिवस बैलांचे पाय धुणं चाललं. त्यांचे खूर नवरीच्या टाचांसारखे मऊ झाले.

तिसऱ्या उन्हाळ्यात वडील बांधापर्यंत आले. व्याह्याशी बोलणं बंद, म्हणून ते बैलाशी बोलले. सर्ज्या, तुझ्या मालकाला म्हणावं, गावातबी सावली हाय. मामंजीही बैलालाच म्हणाले, सर्ज्या, ह्यांना सांग, मी कुणाच्या दारात जात न्हाई, मुराळी धाडला तर सून येईल. सर्ज्या रवंथ करत दोघांचं ऐकत होता. दोन्ही घरांत समजूतदार तेवढा एकच.

पुढच्या वर्षी भाऊ मुराळी म्हणून आला. मी माहेरी गेले आणि पंधरा दिवसांत मला सासरचं कुत्रंसुद्धा आठवलं नाही.

परत आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं. त्याही साली मामंजींनी गाड्या जुंपल्या होत्या. सामान भरलं, सगळ्यांना बसवलं, वेशीपर्यंत गेले आणि कासरा हातात धरून तसेच बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, आता सून तिकडंच हाय, आपण एकदाची गंगेवर तरी जाऊ.

मामंजींनी गाडी घराकडं वळवली.

"गंगेवर कुणाची माय वाट बघायलीय?" म्हणाले.