भीमाप्पाचे ओले रोगण

भीमाप्पा रंगारी रोगण चढवायला बसला की अंगावर फक्त एक ओला पंचा ठेवी. डोक्यावरचे केस पाण्याने चापून बसवी, मिशासुद्धा ओल्या करी, जमिनीवर सडा मारी आणि दाराखालच्या फटीत ओली चिंधी कोंबी. कोरड्या कपड्यातून तंतू उडतो, तो ओल्या रोगणावर बसतो आणि मग कपाट मोडेपर्यंत तिथून उठत नाही, असे त्याचे म्हणणे. माघातल्या थंडीतही हा पंचा चुकला नाही. दात वाजत असायचे, पण कुंचला धरलेला हात मात्र स्थिर असे.

सांगलीत आम्ही एकाच घरात भाड्याने राहत होतो. बोळाकडची पुढची खोली माझी, मध्ये उघडा चौक आणि हौद, आणि पलीकडची मोठी खोली भीमाप्पाची. रंगवलेली कपाटे, पेटारे, पाळणे, चौरंग तिथे वाळत पडलेले असत. नुसता रंग म्हणजे उघडे अंग, असे तो म्हणे. त्यावर काचकागद, मग रोगणाचा हात, पुन्हा काचकागद, पुन्हा हात, असे चाले. शेवटचा हात चढला की खोलीचे दार लागायचे आणि भीमाप्पा उंबऱ्याबाहेर ओठांवर बोट ठेवून उभा राहायचा.

"निजलंय," तो कुजबुजत सांगे. "उठवू नका."

मग चौकात झाडलोट बंद. सतरंज्या झटकणे बंद. शेजारच्या काकूंनी उखळात मिरच्या घातल्या की हा पंच्यानिशी धावत जाई. "आवं काकू, मिरच्या उद्या कांडा की! समद्या बोळाला शिंका येतील."

"मेलं तुझं ते झोपतं तरी किती रे!" काकू म्हणायच्या. "आमच्या नातवालासुद्धा एवढं जपलं नाही आम्ही."

त्याची बायको चूल पेटवायला नवऱ्याची परवानगी मागून मागून कंटाळली आणि जतला भावाकडे निघून गेली. "धुराचा लय तरास व्हत हुता," एवढेच तो सांगे. कोणाला, ते सांगत नसे.

नाव भीमाचे, पण असा भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. त्याला वाऱ्याची भीती वाटे, माशीची वाटे, दमट हवेची वाटे, आणि या सगळ्यांची मिळून वाटे तेवढी एकट्या पोलिसाची वाटे. एकदा समोरून हवालदार येताना दिसला म्हणून हा जवळच्या न्हाव्याच्या दुकानात शिरला. न्हाव्याने पाट पुढे सरकवला. उठावे तर हवालदार बाहेरच उभा. भीमाप्पा डोक्याचा गोटा करून घरी आला.

"हवालदारानं काही विचारलं का?" मी म्हणालो.

"कशाला इचारील? वळखलंच न्हाई मला!" तो डोक्यावरून हात फिरवत समाधानाने म्हणाला.

ते दिवस चळवळीचे होते. गावोगावचे पोरगे घर सोडून रानात गेले होते. मी कॉलेज सोडून पत्रके लिहीत होतो, आणि जो देशासाठी काही करत नाही त्याला श्वास घेण्याचा तरी काय अधिकार, असे माझे स्पष्ट मत होते. ते मी भीमाप्पालाही सुनावले. गुलामगिरी, जुलूम, षंढपणा, काही बाकी ठेवले नाही. तो पाळण्याच्या दांडीवर काचकागद फिरवत ऐकत होता.

"वकीलसाहेब," तो म्हणाला. मी वकील नव्हतो, पण वाद घालतो म्हणून त्याने मला ती पदवी दिली होती. "बोला तुमी, बरं बोलताय. पर त्वांड तिकडं करून बोला. थुंकी उडती."

त्याच पाळण्यावर त्याने एक पोपट काढला होता. शेजारी पांढरे फूल, आणि त्याच्या शेजारी केशरी आंबा. काम झाल्यावर तो दोन पावले मागे सरून पाहू लागला आणि एकदम पांढराफटक पडला. हिरवा, पांढरा, केशरी असे झेंड्याचे तीन रंग एका ओळीत आले होते. "बेडा, बेडा!" तो ओरडला. घाबरला की त्याला जतकडची कानडी आठवे, आणि 'नको' हा शब्द तर फारच. लगेच कुंचला घेऊन त्याने फूल आणि आंबा यांच्यामध्ये एक जाड निळी माशी काढली. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक कामात कुठे ना कुठे एक निळी माशी असे. गिऱ्हाइकांना ती त्याची खूण वाटे. मला ते भीतीला आलेले पंख वाटत.

अशा माणसाकडे फौजदाराने कपाट रंगवायला टाकले. लेकीचे लग्न वैशाखात होते, आणि रुखवतात मांडायला कमळाच्या वेली काढलेले सागवानी कपाट हवे होते. भीमाप्पाला नाही म्हणायचे धैर्य झाले नाही, आणि हो म्हटल्यापासून त्याला जेवण जाईना. वेली काढून झाल्या, त्यावर रोगणाचे आधीचे हात झाले. उरला शेवटचा. तो त्याने उगवतीला, वारा पडलेला असताना चढवायचा ठरवले होते.

त्याच सकाळी तुकाराम आला.

तुकाराम वडूजकडचा, धनगराचा पोर. आमची पत्रके डोंगरातल्या गावांत पोचवायचे काम तो करी. साताऱ्याकडचे पोलीस त्याच्या मागावर होते, म्हणून तो सांगली संस्थानच्या हद्दीत उतरला होता. चौकाच्या मागच्या दाराने तो आत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला होता.

"बोळाच्या तोंडाला पोलीस हायती," तो धापा टाकत म्हणाला. "सातारचं बी हायती, हितलं बी. घरं धुंडाळाय लागल्यात. मागं नदीकडं बी एक हुबा हाय. मला बगितलं न्हाई त्यानं, पर परत तिकडनं जाता याचं न्हाई."

माझी खोली पहिली तपासली जाणार होती. पत्रके आदल्या दिवशीच गेली होती. पण माणूस कुठे लपवायचा? तो सापडला तर त्याला मारून मारून गावांची नावे काढून घेतली असती. मी पत्रकात मरणाबद्दल पुष्कळ लिहिले होते; ते बोळातून बूट वाजवत येते हे कुठे लिहिले नव्हते.

भीमाप्पाचे दार उघडे होते. तो ओल्या पंच्यात, हातात रोगणाचे भांडे घेऊन उभा होता. त्याने तुकारामाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि त्याला सगळे कळले. त्याचे ओठ हलू लागले. "बेडा... बेडा..."

मी काही बोलणार, एवढ्यात त्याची नजर तुकारामाच्या पायांवर गेली.

"पाय धू," तो म्हणाला.

"आप्पा, पोलीस..." मी म्हणालो.

"धुळीच्या पायानं आत याचं न्हाई! हौदावर जा. डोसकं बी भिजीव. कापडं काढ ती."

बोळात शिटी वाजली, आणि तुकाराम हौदावर पाय धूत होता! मी त्याच्या अंगावर घागर उपडी केली आणि त्याचे धुळकट कपडे हौदात बुडवून टाकले. भीमाप्पाने त्याला एक ओला पंचा दिला, आत घेतले आणि खोलीच्या मागच्या कोपऱ्यात उभे केले. मग आम्ही दोघांनी ते जड कपाट ओढून कोपऱ्यावर तिरके लावले. पाठीमागे एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा उरली. भीमाप्पाने मला बाहेर ढकलले आणि कुंचला भांड्यात बुडवला.

माझी खोली उलटीपालटी करायला पोलिसांना वेळ लागला. मग ते चौक ओलांडून आले. पुढे फौजदार, मागे दोन शिपाई आणि साताऱ्याचा एक आडदांड हवालदार. भीमाप्पा दारात आला. कपाट ओल्या काचेसारखे चमकत होते. वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी, शेवटचा हात चढला होता.

"निजलंय, साहेब," तो म्हणाला.

"कोण निजलंय?" हवालदार गुरकावला.

"कपाट."

फौजदार दारातच थांबला. लेकीचे कपाट पाहून त्याचा चेहरा बापाचा झाला. "वा! कमळं काय उमलली आहेत! पण तू का रे एवढा लटलट कापतोस?"

"पंचा वला हाय, साहेब. गारठा लागतोय."

चैत्राचे ऊन एव्हाना चौकात तापू लागले होते. फौजदाराने मान डोलावली. मोठ्या कारागिरांचे काही सांगता येत नाही, असे त्याला वाटले असावे.

"त्या कपाटाच्या मागं काय हाय?" हवालदार म्हणाला. "सरकवून बघतो."

"साहेब!" भीमाप्पा किंचाळला. "हाताची पाची बोटं उठतील! नवऱ्यामुलाकडची मानसं बगतील, इचारतील, ह्यो हात कुनाचा म्हून!"

"हवालदार, थांबा," फौजदार म्हणाला.

"आवं साहेब, पर हुकूम हाय..."

आणि तेव्हाच कपाटामागे तुकाराम शिंकला.

रोगणाच्या वासाने शिंक आली होती. त्याने ती दाबली असणार. पण बाहेर आली ती आलीच. हवालदाराची मान तिकडे वळली. मी डोळे मिटले.

"आक्शी!" भीमाप्पा शिंकला. मग पुन्हा, आणि आणखी एकदा. असल्या खोट्या शिंका मी नाटकातसुद्धा ऐकल्या नाहीत. तो चक्क 'आक्शी' असा शब्द उच्चारत होता. पण तोंड मात्र त्याने नेमके कपाटाकडे केले होते.

"अरे गाढवा, कपाटावर शिंकतोस काय!" फौजदार ओरडला. "तोंड फिरव! आणि तुम्ही काय बघत उभे आहात? तुमच्या बुटांची सगळी धूळ आत चालली आहे. चला, बाहेर व्हा! हवालदार, तुम्हाला सांगतोय मी!"

दार लागले. भीमाप्पा आतून भिंतीला टेकून खाली बसला. मी चौकात बसलो.

पण पोलीस गेले नव्हते. बोळाच्या तोंडाशी दोन शिपाई बसवले होते. बाहेर पडायचे तर गर्दीतूनच. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की माधवनगरहून कामगारांचे लोंढे येत आणि पाळी बदलायला तितकेच जात. त्यांच्यात मिसळून तुकारामाला जायचे होते. तोपर्यंत रोगण वाळले नाही तर कपाट हलणार नव्हते, आणि उद्या सकाळी तर फौजदार गाडी घेऊन येणार होता. वाळणे न वाळणे कोणाच्या हातात नव्हते. मी दारापाशी बसून बुटांचा आवाज ऐकत राहिलो. कुत्रे भुंकले तरी दचकत होतो.

दुपारी आतून बोलणे ऐकू येऊ लागले. मी घाबरून दार किलकिले केले. भीमाप्पा कपाटासमोर पाटावर बसून हलक्या आवाजात कपाटाशी बोलत होता.

"झोपू नगंस. वासानं गुंगी येती. घोरलास तर मेलो समदी. काय सांगत हुतास? औंदा मेंढरं कुठं नेली?"

"कराडाकडं," कपाट म्हणाले. "चाराच न्हाई आमच्यात."

"आमच्यात तरी कुठं हाय? जतला हुतो तवा मेंढरं घिऊन बारा वाटा फिरायचो. एक लंगडी मेंढी हुती माजी. लय शानी. समद्यांच्या मागनं यायची, पर पानी कुठं हाय ते तिलाच आदी कळायचं..."

मी दार लावून घेतले. या घरात राहून मी त्याच्या तोंडून एका वेळी चार वाक्यांपलीकडे काही ऐकले नव्हते. आता ते थांबतच नव्हते. बायको हसायची कशी, बापाने घोंगडे कसे विणले, पहिला रंग कोणी हातात दिला, सगळे एका मागोमाग येत होते. मधूनमधून तुकाराम हसे, आणि मग दोघेही घाबरून गप्प होत.

ऊन कलले. मी आत गेलो. "आप्पा, वाळलं का? भोंग्याची वेळ होत आली."

"न्हाई अजून," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "वलं हाय."

मी चिडलो. एका माणसाच्या जिवापुढे याला फौजदाराचे कपाट मोठे! मी पुढे झालो आणि त्याने अडवायच्या आत बोटाची मागची बाजू कपाटाला टेकवली. लाकूड कोरडे ठणठणीत होते. बोट काचेवरून घसरावे तसे घसरले. डाग नाही, चिकटपणा नाही. कधी वाळले होते कोण जाणे.

मी वळून पाहिले. भीमाप्पा माझ्याकडे बघत होता. सकाळी पोलिसांपुढेही त्याचा चेहरा इतका भ्यालेला नव्हता. मी आता काय बोलतो, याची त्याला भीती वाटत होती.

"काय वं, वाळलं काय?" आतून तुकारामाने विचारले.

भोंग्याला अजून थोडा वेळ होता.

"नाही," मी म्हणालो. "ओलं आहे अजून."

भीमाप्पाने मान खाली घातली. मग तो खाकरला आणि लंगड्या मेंढीची गोष्ट पुढे सांगू लागला. मी दारात उभा राहून बोळाकडे कान लावला.

भोंगा झाला तेव्हा मेंढी ओढा उतरत होती. भीमाप्पा वाक्य अर्धे टाकून उठला. त्याने दोन्ही तळवे कपाटाच्या बाजूला टेकले आणि जोर लावला. तुकाराम बाहेर आला. माझे धोतर आणि सदरा त्याने अंगावर चढवला, वाकून भीमाप्पाच्या पायांना हात लावला आणि गेला. बोळाच्या तोंडाशी कामगारांची गर्दी वाहत होती. तिच्यात तो मिसळला. आम्ही शिटीची वाट पाहत राहिलो. शिटी वाजली नाही.

भीमाप्पा कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत पाटावर बसला होता.

"मेंढीचं ऱ्हायलं की," तो म्हणाला. "पानी घावलं का न्हाई, ते त्याला सांगायचं ऱ्हायलं."

"मला सांगा," मी म्हणालो.

त्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळले.

"तुमाला काय कळतंय मेंढरातलं, वकीलसाहेब," तो म्हणाला, आणि पाटावर जरासा बाजूला सरकला.